शिंगराला घोडा म्हटलं तर

चित्रात घोड्याचं पिल्लू. खाली छापलेलं, ‘शिंगरू पळालं.’ मूल चित्राकडे बघतं आणि ठणठणीत आवाजात वाचतं, ‘घोडा पळाला.’ अर्थ फारसा बिघडला नाही म्हणून शाबासकी मिळते, पान उलटतं. मला त्या शाबासकीचीच धास्ती वाटते.

तिच्यामागे एक जुना विचार आहे. १९६७मध्ये केनेथ गुडमन या अमेरिकी अभ्यासकांनी वाचनाला अंदाजाचा खेळ म्हटलं. सराईत वाचक अक्षर न् अक्षर बघत बसत नाही, संदर्भावरून शब्द ताडतो, असा त्यांचा दावा. ऐकायला पटतं. पण वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत. ते उड्या मारतात आणि मध्ये साधारण पाव सेकंद थांबतात. हे थांबे यंत्राने टिपले, तर सराईत वाचकही बहुतेक महत्त्वाच्या शब्दांवर टेकताना दिसतो. शब्द ओळखायला संदर्भाची काठी जास्त लागते ती कच्च्या वाचकाला.

म्हणून ‘घोडा’ला तिथेच अडवायचं. पहिलं अक्षर कुठलं? शिं. पुढे? देवनागरीत हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘शि’ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी येतो, पण लिहिताना त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. बाराखडी घडाघडा म्हणणारं मूल इथे अडखळलं, की मोठ्यांना वाटतं त्याचं लक्ष नाही!

अक्षरं लागली म्हणजे झालं, असंही नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६मध्ये मांडलं, की वाचून समजणं म्हणजे शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. ‘शिंगरू’ बिनचूक वाचलं, पण तो शब्द कधी कानावरच पडला नसेल, तर काय पळालं?

१९८८च्या एका अमेरिकी प्रयोगात ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचलेलं समजण्यात, वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं वाचनात पक्क्या, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे विषयाची माहितीही वाचलेलं समजायला हात देते. म्हणूनच, वाचन कच्चं आहे म्हणून एखाद्याचा विज्ञानाचा तास काढून तिथे जादा वाचन घेणं, हा मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.