रात्रीची गळमासेमारी (उजनी जलाशय)

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवरील उजनी जलाशयाच्या काठावर बसून, होडी किंवा जाळे न वापरता, दोघाचौघा मित्रांनी मिळून रात्री गळाने मासे धरण्याचा प्रकार. माढा तालुक्यातील उजनी गावाजवळचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ‘यशवंतसागर’ या नावाच्या या जलाशयात सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि त्याचा फुगवटा करमाळा तालुक्याला लागून पुणे जिल्ह्यातील इंदापूर-दौंडपर्यंत पसरतो.

कोकणात खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी रात्री गळ टाकणारे आधी भरती-ओहोटीची वेळ पाहतात. कारण निमखाऱ्या पाण्यात वाढणारा आणि अंडी घालायला समुद्राकडे उतरणारा हा मासा वाहत्या पाण्याबरोबर येणाऱ्या लहान माशांवर टपून असतो. उजनीला भरती नाही. येथे पाणी चढते ते पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातील धरणांतून विसर्ग सुटल्यावर, आणि उतरते ते कालव्याला किंवा सोलापूरच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्याकडे नदीतून पाणी सोडल्यावर. त्यामुळे मागच्या खेपेस बसलेली जागा पुढच्या खेपेस पाण्याखाली तरी असते, नाहीतर कोरडी पडून पाण्यापासून दूर गेलेली असते, आणि म्हणून जाणकार मंडळी उजेड असतानाच काठ पायाखाली घालून जागा ठरवतात.

रात्र निवडण्याचे कारण माशांच्या सवयीत आहे. चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, काठचे उथळ पाणी तापते आणि मासे खोलात राहतात. अंधार पडून पाणी निवले की ते काठाकडे चरायला येतात. सापासारखी लांबट वाम (वांब) तर मुळातच निशाचर असून दिवसभर गाळात किंवा दगडांच्या सांदीत दडून राहते. शिंगटाही रात्री मिशांनी तळ चाचपत भक्ष्य शोधतो. उलट आज जलाशयात भरमसाट वाढलेली, बाहेरून आलेली चिलापी (तिलापिया) मुख्यतः दिवसा चरते. म्हणूनच मूळच्या नदीतल्या माशांची ओढ असलेल्यांना रात्रीखेरीज पर्याय उरलेला नाही.

साधने थोडी लागतात: तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), शिशाचे वजन, गळ आणि आमिषाला गांडूळ. काठी काठावर रोवून तिच्या टोकाला घुंगरू बांधतात. सराव असलेला माणूस मात्र घुंगरावर विसंबत नाही. तो तंगूस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलका धरून बसतो. शिंगट्याची ओढ एकदम आणि जड असते, तर वाम आधी आमिष नुसते चघळते, तंगुसाला बारीक कंप येतो, थांबतो, पुन्हा येतो. बाहेर काढताना ती तंगुसाभोवती पिळे घालते आणि तिच्या पाठीवरील काट्यांच्या रांगेने तळहात फाटतो, म्हणून तिला ओल्या गोणपाटात धरतात. शिंगट्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा तितकाच सांभाळावा लागतो. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते. ती रात्रभर टिकते.

सोबत हवी ती केवळ गप्पांसाठी नव्हे. पाणी उतरलेल्या काठावर वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो आणि त्यात मांडीपर्यंत रुतलेल्या माणसाला एकट्याने निघणे कठीण जाते. अशा वेळी हातातील काठी गाळावर आडवी टाकून तिच्यावर भार द्यायचा आणि दुसऱ्याने भक्कम जमिनीवरून दोर फेकायचा, ही पद्धत प्रत्येक गटाला ठाऊक असलीच पाहिजे. वळवाच्या वाऱ्याचीही गय करू नये: २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. ढग दाटताच गळ आवरून वर यावे.

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. मरळ या माशाची जोडी पिलांच्या थव्याची राखण करीत असताना तिच्यावर गळ टाकणे कोणी पाहत नसले तरी टाळावे, कारण राखणदार गेला की तो थवा इतर माशांच्या तोंडी जातो.