अध्यक्षाला दिलेलं मत वेगळं, विवाहाच्या प्रश्नाला दिलेलं मत वेगळं

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की मराठी चर्चांमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘ओबामांनी समलिंगी विवाह कायदेशीर केला.’ दुसरं, ‘आता नवा अध्यक्ष आला, तो हे विवाह बंद पाडणार.’ दोन्ही चूक आहेत आणि चुकीचं मूळ एकच आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मतदाराच्या मतपत्रिकेवर त्या दिवशी दोन वेगळ्या जातीची मतं असू शकतात. एक माणसाला द्यायचं, दुसरं थेट प्रश्नाला. आपल्याला पहिल्याचीच सवय आहे. त्यामुळे दुसऱ्याचं श्रेय आणि दोष दोन्ही आपण अध्यक्षाच्या गळ्यात मारतो.

पहिल्या मताबद्दल फार सांगायला नको. उमेदवार, पक्ष, राज्यवार निवडले जाणारे निर्वाचक आणि त्यांच्या ५३८ मतांपैकी २७० मिळवणारा अध्यक्ष, हे सगळ्यांना पाठ आहे.

दुसरं मत समजून घ्यायला ४ नोव्हेंबर २००८ ची कॅलिफोर्निया बघा. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क दिला होता आणि जूनपासून लग्नं लागत होती. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर वर अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा (डेमोक्रॅट) आणि मॅकेन (रिपब्लिकन) यांची नावं होती, पुढे ‘प्रस्ताव ८’, म्हणजे राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायची का हा थेट मतदारांना विचारलेला प्रश्न. त्याचा गाभा एका वाक्याचा: कॅलिफोर्नियात फक्त पुरुष आणि स्त्री यांच्यातलाच विवाह वैध मानला जाईल. इथे ‘होय’ म्हणजे समलिंगी विवाहाला बंदी आणि ‘नाही’ म्हणजे हक्क कायम. घाईत वाचणाऱ्याने नेमकं उलटं मत द्यावं अशीच ही रचना होती.

निकाल काय लागला? कॅलिफोर्नियात ओबामांना सुमारे ८२ लाख मतं पडली, प्रस्ताव ८ ला सुमारे ७० लाख होकार मिळाले आणि एकूण मतदान करणारे होते सुमारे १ कोटी ३७ लाख. बेरीज करून बघा. किमान १५ लाख लोकांनी एकाच कागदावर ओबामांनाही मत दिलं आणि विवाहबंदीलाही. या लोकांनी नेमका कोणता ‘कौल’ दिला, हे अध्यक्षपदाच्या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की वरच्या ओळीत या प्रश्नावर निवड करायला वावच नव्हता. विवाह स्त्री-पुरुषांतलाच, असं मॅकेन म्हणत होते आणि तेव्हा ओबामाही तेच म्हणत होते. फरक एवढाच की मॅकेन यांचा प्रस्ताव ८ ला पाठिंबा होता आणि ओबामांचा विरोध. ज्याला मनापासून समलिंगी विवाह हवा होता त्याला मोठ्या पक्षांत आपल्या मताचा उमेदवारच नव्हता. त्याची सदसद्विवेकबुद्धी व्यक्त व्हायची असेल तर ती खालच्या ‘नाही’मध्येच होऊ शकत होती.

२००४ चीही हीच कथा आहे, आणि ती तर आणखी वाईट पद्धतीने सांगितली जाते. त्या नोव्हेंबरात ११ राज्यांत विवाहबंदीच्या घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या आणि सगळ्या मंजूर झाल्या. बुश जिंकले म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या जातात. पण त्या ११ मध्ये ओरेगन आणि मिशिगनही होती. तिथे बुश यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी जिंकले आणि बंदीही जिंकली. शिवाय केरी स्वतः समलिंगी विवाहाच्या विरोधातच होते, त्यांना फक्त नागरी भागीदारी, म्हणजे ‘विवाह’ न म्हणता जोडप्याला दिलेली कायदेशीर मान्यता, मान्य होती.

हे परकं वाटत असेल तर गोव्याच्या माणसाला विचारा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल हे चिन्ह, वेगळ्या केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. विलीनीकरण हरलं. त्यानंतर मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना भाऊ हवे होते, भाऊंचा तो एक आग्रह नको होता. प्रश्न वेगळा विचारला म्हणून हे कळलं. नुसती मार्चची निवडणूक झाली असती तर ‘गोव्याला विलीनीकरण हवंय’ असंच आपण आजपर्यंत लिहीत बसलो असतो.

मग अध्यक्षाच्या हातात या बाबतीत असतं तरी काय? विवाहाचं लायसन्स राज्याच्या कायद्याप्रमाणे मिळतं, बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीतून. देशाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ३८ राज्यांची मंजुरी लागते. अध्यक्षाची सहीसुद्धा लागत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये बुश यांनी अशा दुरुस्तीला जाहीर पाठिंबा दिला. जुलैमध्ये सिनेटमध्ये चर्चा संपवून ती मताला टाकण्यासाठी ६० मतं हवी होती, मिळाली ४८.

अध्यक्षाची खरी ताकद न्यायाधीशांच्या नेमणुकांत आहे, आणि ती फार उशिरा दिसते. २६ जून २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी देशभर समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. निकाल लिहिला अँथनी केनेडी यांनी, ज्यांना रेगन यांनी नेमलं होतं. त्यांच्या बाजूने क्लिंटन यांनी नेमलेले दोघे आणि ओबामांनी नेमलेल्या दोघी होत्या. विरोधातल्या चौघांपैकी रॉबर्ट्स आणि अलिटो हे २००४ ची निवडणूक जिंकल्यावर बुश यांनी आणलेले. म्हणजे २००४ साली अध्यक्षाला दिलेल्या मताचा या प्रश्नावरचा मोठा परिणाम अकरा वर्षांनी निकालपत्रात उतरला. आणि क्लिंटन? १९९६ साली केंद्र सरकारने समलिंगी विवाह मानू नयेत या कायद्यावर सही त्यांचीच होती. त्यांनी सही केली एका बाजूला, त्यांचे न्यायाधीश गेले दुसऱ्या बाजूला.

म्हणून उमेदवाराला ‘तुमचं लग्नाबद्दल वैयक्तिक मत काय’ असं विचारणाऱ्या मुलाखतींचा मला मनापासून कंटाळा आहे. ओबामांचं मत मे २०१२ मध्ये जाहीरपणे बदललं. मला त्याचा आनंदच झाला, पण त्या मुलाखतीने एकाही राज्याचा कायदा बदलला नाही. त्याआधी, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्यांच्या न्याय खात्याने १९९६ च्या कायद्याचा कोर्टात बचाव करणं थांबवलं, ते पाऊल कितीतरी वजनाचं होतं. बायडन यांनी १३ डिसेंबर २०२२ ला सही केलेला कायदाही तसाच. मात्र त्याचाही अर्थ लोक ताणतात. एका राज्यात लागलेलं लग्न केंद्राने आणि इतर राज्यांनी मानलं पाहिजे, एवढं तो सांगतो. प्रत्येक राज्याने लायसन्स दिलंच पाहिजे असं तो म्हणत नाही, ते २०१५ च्या निकालावर उभं आहे.

माझी बाजू लपवण्यात अर्थ नाही. दोन सज्ञान माणसांनी लग्न करावं की नाही हे शेजाऱ्यांच्या मतमोजणीवर ठरू नये, असं मला ठामपणे वाटतं. प्रस्ताव ८ मंजूर झाला तेव्हा कॅलिफोर्नियात सुमारे १८,००० समलिंगी जोडप्यांची लग्नं आधीच लागलेली होती. ती टिकणार की नाही हे त्यांना मे २००९ मध्ये राज्याच्या न्यायालयाने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. टिकली. पण सहा महिने स्वतःच्या लग्नाचं भवितव्य टांगणीला ठेवून जगणं ही शिक्षाच आहे.

तरीही प्रश्न मतपत्रिकेवर आलाच, तर तो कोरा सोडू नये. वर अध्यक्ष निवडला, काम झालं, असं म्हणून कागद परत देणाऱ्यांचा मला राग येतो. कोऱ्या जागेचा अर्थ राज्यागणिक बदलतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कॅलिफोर्नियात कोरं मत मोजणीतच येत नाही. मिनेसोटात घटनादुरुस्तीला एकूण मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त होकार लागतात, म्हणून कोरं म्हणजे ‘नाही’च. २०१२ साली तिथे विवाहबंदीची दुरुस्ती पडली. त्याच दिवशी मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन राज्यांत लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिलं, आणि तिथे ‘होय’चा अर्थ होता हक्क हवा. प्रत्येक वेळी वाक्य नीट वाचावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रस्ताव ८ चे शब्द राज्यघटनेतून काढण्यासाठी कॅलिफोर्नियात ‘होय’च म्हणायचं होतं, आणि साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी ते म्हटलं. त्याच निवडणुकीत ट्रम्प अध्यक्ष झाले.

तिकडे नागरिक झालेल्या मराठी माणसांना म्हणून माझं सांगणं असं, की अध्यक्ष निवडताना तो कोणाला न्यायाधीश नेमेल हे बघा आणि विवाहाचा प्रश्न खाली छापला असेल तर त्याला स्वतंत्र उत्तर द्या. भारतात आपल्याला ही सोय नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क मानला नाही आणि विषय संसदेकडे सोपवला. २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. असं विधेयक पुन्हा आलं तर तुम्ही कोणत्या बाजूला असाल, हा प्रश्न आपण लोकसभेच्या उमेदवाराला प्रचारसभेतच विचारायला हवा, कारण आपल्या मतदान यंत्रावर त्याचं नाव, फोटो आणि चिन्ह असतं, असा प्रश्न नसतो.