दम कोंडत नाही, रक्त अडतं

कुस्तीत गळा आवळायला बंदी. म्हणून कराडकडच्या तालमीतली पोरं मोबाइलवर ब्राझिलियन जुजुत्सूची, म्हणजे गळा आवळायला मुभा असलेल्या कुस्तीसारख्या खेळाची, लढत बघतात, पाठीवरच्या गड्याने हाताचा फास टाकताच खालचा काही सेकंदांत गळून पडतो, आणि सगळे म्हणतात, "दम कोंडला त्याचा." तसं नसतं.

कृष्णेत सूर मारणारा पोरगा अर्धा मिनिट सहज श्वास रोखतो आणि शुद्धीत वर येतो. फुप्फुसांत आणि रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, हृदय तो मेंदूला पोचवत राहतं. फास ही पोच तोडतो. कोपर बरोबर हनुवटीखाली येतं. मानेच्या एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा हात. श्वासनलिका कोपराच्या खाचेत मोकळी राहते, चेपतात त्या दोन बाजूंच्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, प्राणवायू मात्र लागतो सुमारे २० टक्के, आणि साठा जवळपास नाहीच. मणक्यांतल्या छिद्रांमधून आणखी दोन धमन्या वर जातात, त्या चेपत नाहीत, पण त्यांचं रक्त सहसा पुरत नाही. १९४३ साली अमेरिकेत निरोगी तरुणांच्या मानेभोवती हवेचा पट्टा फुगवून प्रयोग झाले. शुद्ध हरपायला सरासरी ७ सेकंदही लागले नाहीत.

जबड्याखाली कॅरोटिडला फाटा फुटतो तिथे दाब ओळखणारे चेतातंतू असतात. बाहेरून दाबलं तरी त्यांना रक्तदाब वाढल्यासारखा वाटतो आणि व्हेगस चेतेमार्फत हृदय मंदावतं. उतारवयात हे धोक्याचं. धडधाकट तरुणावर परिणाम थोडा. 'मर्मावर बोट ठेवून माणूस पाडतो' म्हणत वर्ग चालवणाऱ्यांना पैसे देऊ नका.

खरी मेख जागेत आहे. जुजुत्सूत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं तर २ गुण, पण पाठीवर जाऊन दोन्ही पाय त्याच्या मांड्यांत अडकवून ३ सेकंद टिकलं तर ४. खाशाबा जाधवांच्या या मुलखात पैलवान चितपट टाळायला पालथा होतो, ते अंगातच मुरलेलं असतं. जुजुत्सूत पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. पालथा झाला की पाठ मात्र दिली. तालमीतून आलेल्याने आधी ही सवय मोडावी, उताणं राहून पायांनी लढायला शिकावं. फास येतोच आहे असं दिसलं तर हनुवटी खाली दाबून गळा वाचेल यावर विसंबू नये, दोन्ही हातांनी त्याचा एक हात धरावा.

गुदमरल्याची घाबरगुंडी रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. तो साचायला वेळ लागतो, शुद्ध त्याआधीच जाते. शरीर बोंब मारेल याची वाट पाहू नका. सराव प्रशिक्षकासमोरच करा, फास बसला की लगेच हार मानल्याची थाप मारा; आणि थाप पडली, की वरच्याने त्याच क्षणी हात सोडायचा.