गृहभेटीतून बालविकास : जमैका पद्धती

गरीब कुटुंबांतील तीन वर्षांखालील मुलांच्या बौद्धिक व भावनिक वाढीसाठी प्रशिक्षित कार्यकर्तीने नियमितपणे घरी जाऊन, मुलाशी खेळण्याच्या व बोलण्याच्या रीती आईला करून दाखवणे आणि तिच्याकडून करवून घेणे, ही या पद्धतीची मूळ कल्पना होय. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या किंग्स्टन (जमैका) येथील मोना परिसरातील संशोधकांनी, मुख्यतः बालरोगतज्ज्ञ सॅली ग्रँथॅम-मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने, १९७० नंतरच्या दशकात तिची घडण केली. मुलाला घराबाहेरच्या केंद्रात आणून शिकवण्याऐवजी त्याला रोज सांभाळणाऱ्या माणसाला सोबत घेणे, हे तिचे वेगळेपण आहे.

उगम : या पद्धतीचा उगम दोन प्रकारे सांगता येतो. पहिल्या मांडणीनुसार तिची मुळे अमेरिकेतील १९६०–७० या दशकातील प्रयोगांत आहेत. टेनेसी राज्यात सुझन ग्रे यांनी १९६२ च्या सुमारास उन्हाळी शाळेला गृहभेटींची जोड दिली. मिशिगनमधील इप्सिलँटी येथील पेरी बालशाळेच्या शिक्षिकाही आठवड्यातून एकदा मुलांच्या घरी जात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागात फिलिस लेव्हन्स्टाइन यांनी १९६५ मध्ये खेळणी व पुस्तके घरी नेऊन आईसमोर मुलाशी खेळून दाखवण्याचा कार्यक्रम सुरू केला, तर फ्लॉरिडात आयरा गॉर्डन यांनी गरीब वस्त्यांतील स्त्रियांनाच या कामाचे प्रशिक्षण दिले. अशा कार्यक्रमांचा आढावा घेऊन मानसशास्त्रज्ञ उरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७४ मध्ये असे मत मांडले की, पालकांचा सहभाग नसेल तर मुलाने मिळवलेला लाभ कार्यक्रम संपल्यावर ओसरू लागतो.

दुसरी मांडणी कुपोषणाच्या वैद्यकीय अभ्यासापासून सुरू होते. मोना येथे जॉन वॉटरलो यांनी उभारलेल्या संशोधन विभागात तीव्र कुपोषित मुलांवर उपचार होत. या मुलांचे वजन भरून येई, परंतु त्यांच्या मानसिक वाढीतील मागासलेपण पुरेसे भरून निघत नसे. म्हणून रुग्णालयातच रोज खेळाचा वेळ ठेवण्यात आला व मूल घरी गेल्यावरही काही वर्षे भेटी चालू राहिल्या. अशी मुले केवळ वैद्यकीय उपचार मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. घरी नेण्याची खेळणी व आईसमोरचे प्रात्यक्षिक यांचे अमेरिकी प्रयोगांशी असलेले साम्य नाकारता येत नाही. तरीही ज्या प्रश्नातून जमैकातील काम वाढले तो प्रश्न कुपोषणाचा होता, आणि पुढील प्रयोगासाठी मुले निवडतानाही उंचीचाच निकष लावला गेला. त्यामुळे दुसरी मांडणी अधिक सयुक्तिक वाटते.

किंग्स्टनचा प्रयोग : १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून ९ ते २४ महिने वयाची १२९ मुले निवडण्यात आली. ही सर्व खुजी होती, म्हणजे त्यांची उंची वयानुसार अपेक्षित सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (सरासरीपासूनचा फरक मोजण्याचे संख्याशास्त्रीय माप) अधिक कमी होती. यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवड न करता केलेल्या) विभागणीने त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला दर आठवड्याला दुधाच्या भुकटीचा १ किलो पूरक आहार मिळे, दुसऱ्याकडे दर आठवड्याला सुमारे एक तासाची खेळभेट होई, तिसऱ्याला दोन्ही गोष्टी मिळत आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. खेळभेट नसलेल्या कुटुंबांकडेही आजारपणाची नोंद घेण्यासाठी कार्यकर्ती दर आठवड्याला जात असे. ही बारीक बाब महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे दिसलेला फरक नुसत्या येण्याजाण्याचा व विचारपूशीचा मानता येत नाही.

दोन वर्षांनी आहार व खेळभेट या दोहोंचा स्वतंत्र लाभ दिसला. दोन्ही मिळालेली मुले सामान्य उंचीच्या मुलांच्या विकासाजवळ पोहोचली होती. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मात्र दोन उपायांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आहाराचा बौद्धिक लाभ ओसरू लागला व अकराव्या-बाराव्या वर्षी तो दिसेनासा झाला, तर खेळभेटींचा लाभ टिकला. सतरा-अठराव्या वर्षी त्या गटातील मुलांची बुद्धिमापन व वाचनातील कामगिरी सरस होती आणि त्यांच्यात चिंता व नैराश्य कमी होते. यावरून आहार निरुपयोगी ठरत नाही. या प्रयोगातील पूरक आहार मूल एक-दोन वर्षांचे असताना सुरू झाला व तो घरातल्या इतरांच्याही वाट्याला गेला असण्याची शक्यता आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

बाविसाव्या वर्षी १०५ जणांचा शोध लागला व खेळभेटी मिळालेल्यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे अर्थशास्त्रज्ञ पॉल गर्टलर, जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडले. एकतिसाव्या वर्षी तासागणिक मजुरीतील अंतर ४३ टक्के आढळले. नमुना लहान आहे, आणि या गटातील अधिक जण परदेशी गेल्याने कमाईतील वाढीचा काही भाग स्थलांतराचा असावा, अशी शंका घेता येते. संशोधकांनी पर्यायी गणिते मांडून निष्कर्ष टिकत असल्याचे दाखवले आहे. असे असले तरी नेमक्या टक्केवारीपेक्षा परिणामाची दिशा व त्याचे टिकाऊपण यांवर भर देणे अधिक सुरक्षित होय.

भेटीचे स्वरूप : भेट देणाऱ्या स्त्रिया डॉक्टर किंवा शिक्षिका नव्हत्या, तर सामुदायिक आरोग्य साहाय्यक होत्या. भेटीच्या सुरुवातीला मागच्या आठवड्यातील खेळ कसे झाले याची चौकशी होई. मग कार्यकर्ती आई व मुलासोबत जमिनीवर बसून एखादे गाणे म्हणे, प्लॅस्टिकच्या बाटलीत बुचे घालून केलेला खुळखुळा, लाकडी ठोकळे किंवा पुठ्ठ्यावर चित्रे चिकटवून केलेले पुस्तक पुढे करी, आणि स्वतः एकदा खेळून झाले की बाजूला सरून आईला खेळू देई. मुलाने ठोकळ्यावर ठोकळा चढवला की त्याचे कौतुक होई, तसेच आईने त्याला ‘वर’, ‘खाली’ असे शब्द सांगितले की तिचेही. अंघोळ घालताना, कपडे धुताना मुलाशी काय बोलावे हेही सांगितले जाई. निघताना नवी खेळणी ठेवून जुनी परत नेली जात. खेळांचा क्रम मुलाच्या वयानुसार लावलेला असे व त्यावर बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या विचारांचा प्रभाव आहे. आईच्या हातून काहीच न घेता कार्यकर्तीनेच सारा तास मुलाला शिकवले, तर भेट पद्धतीनुसार झाली असे मानले जात नाही.

प्रसार : बांगलादेश, पेरू, चीन इ. देशांत या पद्धतीची रूपांतरे झाली. तिचे साहित्य ‘रीच अप’ या नावाने संकलित आहे. कोलंबियात ९६ नगरपालिकांमध्ये स्थानिक स्त्रियांमार्फत १८ महिने भेटी देण्यात आल्या. बौद्धिक विकासात मध्यम लाभ दिसला, परंतु दोन वर्षांनी केलेल्या पाहणीत तो टिकलेला नव्हता. भारतात, मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागाने कटकच्या झोपडवस्त्यांत झालेल्या चाचणीत मुलांचा बौद्धिक विकास सुधारला. ओडिशातील १९२ खेड्यांमध्ये झालेल्या दुसऱ्या चाचणीत मातांच्या गटबैठका घरभेटींइतक्याच परिणामकारक ठरल्या. एका कार्यकर्तीला एका वेळी अनेक माता भेटत असल्याने अशा बैठकांचा खर्च कमी येतो.

महाराष्ट्र : ताराबाई मोडक यांनी बोर्डी (१९४५) व पुढे १९५७ च्या सुमारास कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालवाडी नेली. मूल येत नसेल तर शिक्षण त्याच्या दारी न्यावे हा विचार येथे आधीपासून होता. तथापि तो मुख्यतः अडीच-तीन वर्षांपुढील मुलांसाठी व सामूहिक शिक्षणासाठी असल्याने त्याला जमैका पद्धतीचा पूर्वसूरी म्हणण्यापेक्षा समांतर प्रयत्न म्हणणे योग्य ठरेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडी सेविकेच्या कामांत गृहभेट आहे, पण तीन वर्षांखालील मुलांबाबत तिचा भर वजन, लसीकरण व घरपोच आहार (टीएचआर) यांवर राहिला. २०१८ पासून आशांनी (गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेविकांनी) तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात द्यावयाच्या भेटींत बालविकासाचे मार्गदर्शन समाविष्ट झाले. केंद्र शासनाच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात जन्मापासून ३६ महिन्यांपर्यंत महिन्यागणिक करावयाचे खेळ दिले आहेत. किंग्स्टनमधील भेट आठवड्याची व सुमारे तासाभराची होती, तर आशांच्या या भेटी तीन महिन्यांच्या अंतराने होतात. त्यामुळे तेथील परिणामांची अपेक्षा या योजनांकडून तशीच्या तशी करता येत नाही.