१५९ इनिंग्ज आणि एक आउट

८ सप्टेंबर २०१२ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाने आपल्या सर्वांत गाजलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, उरलेल्या हंगामासाठी बसवले. स्टीफन स्ट्रासबर्ग तेव्हा २४ वर्षांचा होता आणि त्याला कुठलीही दुखापत झालेली नव्हती. संघ आपल्या गटात अव्वल होता. १९३३ नंतर वॉशिंग्टनमधल्या संघाने बाद फेरी गाठली नव्हती, ती आता महिन्याभरावर आली होती. अशा वेळी हुकमी खेळाडू बाजूला ठेवायचा? संतापलेल्या चाहत्यांचा हा प्रश्न रास्त होता. पण संघाचे उत्तर त्या आठवड्यात ठरलेले नव्हते, ते फार आधीपासून तयार होत होते.

सामना सुरू करणारा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी उतरतो आणि शंभराच्या आसपास चेंडू टाकतो. तीन फलंदाज आउट झाले की त्याच्या नावावर एक इनिंग जमा होते. हात मागून पुढे झेपावताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जबर ताण येतो. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाची पाठ जाते, इथे कोपर जाते नाहीतर खांदा. १९७४ पर्यंत तो अस्थिबंध तुटला की कारकीर्द संपल्यातच जमा असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डावखुऱ्या टॉमी जॉनच्या उजव्या मनगटातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५च्या हंगामाला जॉनला मुकावे लागले. पण १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. पिचर म्हणून त्याच्या नावावर जमा झालेल्या २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

इलाज सापडला, तरी धास्ती गेली नाही. २०१२ मध्ये नॅशनल्सचे मॅनेजर असलेले डेव्ही जॉन्सन १९८४-८५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सचे मॅनेजर होते. तिथे त्यांच्या हाती ड्वाइट गुडन हा विलक्षण पोरगा होता. १९८५ मध्ये, विशीत, त्याने २७६ इनिंग्ज टाकल्या, २४ सामने जिंकले आणि फक्त ४ हरले. तो बहर त्याला पुन्हा कधी आला नाही. अमली पदार्थांनीही त्याचे आयुष्य पोखरले, त्यामुळे सगळा दोष इनिंग्जना देता येणार नाही. मार्क प्रायर या पिचरचा बहरही असाच ओसरला. २००३ मध्ये शिकागो कब्ज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, उंबरठ्यावर असताना या तरुणाने नियमित हंगामात २११ इनिंग्ज टाकल्या आणि पुढे बाद फेरीही खेळला. ऑगस्ट २००६ नंतर मोठ्या लीगमध्ये तो दिसलाच नाही, तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता. मधल्या काळात बॅटवरून आलेला चेंडू त्याच्या कोपरावर आदळला होता, हेही खरे. पण पोरांना राबवून संपवू नका, हा धडा संघांनी घेतला तो अशाच उदाहरणांवरून.

नवे खेळाडू घेण्यासाठी संघांची जी वार्षिक निवड होते, त्यात २००९ मध्ये स्ट्रासबर्ग पहिल्या क्रमांकावर होता. ८ जून २०१० रोजी पदार्पणातच त्याने १४ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि चुकीचे चेंडू टाकून एकालाही फुकट बेस दिला नाही. सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याच्या कोपराचा अस्थिबंध गेला होता. ३ सप्टेंबरला टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. संघाचे जनरल मॅनेजर माइक रिझो यांच्याकडे नमुना घरातच होता. त्यांचा दुसरा पिचर जॉर्डन झिमरमन याचीही हीच शस्त्रक्रिया २००९ मध्ये झाली होती. २०११ मध्ये त्याला १६१ इनिंग्जनंतर थांबवले आणि पुढच्या वर्षी त्याने १९५ इनिंग्ज उत्तम टाकल्या. स्ट्रासबर्गलाही तोच नियम लावायचा, हे २०१२चा हंगाम सुरू होण्याआधीच ठरले होते. १५९ इनिंग्ज आणि एक आउट, इथे तो थांबला.

रिझो दबावाला बधले नाहीत, याचा मला आदर वाटतो. चूक मर्यादेत नव्हती, वेळापत्रकात होती. त्याच हंगामात, त्याच गटातल्या अटलांटा ब्रेव्हजकडे क्रिस मेडलेन होता. त्याचीही शस्त्रक्रिया २०१० मधलीच. ब्रेव्हजनी त्याला आधी राखीव पिचर म्हणून थोडे थोडे वापरले आणि जुलैच्या अखेरीस सामने सुरू करायला दिले. १३८ इनिंग्ज, १० विजय, १ पराभव, आणि बाद फेरीसाठी तो हाताशी होता. नॅशनल्सना एप्रिलमध्ये अंदाज नव्हता की ऑक्टोबरमध्ये आपण खेळणार आहोत. कमकुवत संघाची ती सवय होती.

९८ विजय मिळवलेले नॅशनल्स बाद फेरीत सेंट लुइस कार्डिनल्सकडून पाचव्या, निर्णायक सामन्यात हरले. ६-० अशी आघाडी होती. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झाले तेव्हाही ७-५ने पुढे होते, आणि तिथून राखीव पिचरने चार रन दिल्या. स्ट्रासबर्गच्या जागी खेळलेल्या रॉस डेटवायलरने चौथा सामना उत्तम टाकला होता. म्हणून ‘स्ट्रासबर्ग नव्हता म्हणून हरले’ हे मला पटत नाही, पण त्या रात्रीनंतर हे कुणी ऐकून घेईना.

उलट वाट २०१५ मध्ये मेट्सनी धरली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच हंगामात मॅट हार्वीने, १८० इनिंग्जच्या मर्यादेवरून जाहीर वाद होऊनही, बाद फेरी धरून २१६ इनिंग्ज टाकल्या. पुढच्याच वर्षी त्याच्या खांद्याजवळ शस्त्रक्रिया करावी लागली. पण मर्यादा पाळूनही खात्री नसते. मेडलेनचे कोपर २०१४ मध्ये पुन्हा गेले.

आणि स्ट्रासबर्ग? २०१९च्या बाद फेरीत त्याने पाच सामने जिंकले, एकही हरला नाही. ह्यूस्टनविरुद्ध नॅशनल्सनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. त्या डिसेंबरमध्ये सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार झाला. त्यानंतर मनगट, मग खांदा आणि मानेच्या नसा. २०२४ मध्ये त्याने निवृत्ती घेतली, तोवर या करारात तो ८ सामन्यांत उतरला होता. एकूण ३१ इनिंग्ज आणि एक आउट.