"पोराला मारता का?" असं विचारून काही कळत नाही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा, पोराला मारता का हो? उत्तर ठरलेलं, "छे छे, कधीतरी एखादा धपाटा, बस." म्हणून मुलाचा छळ होण्याचा धोका कुठल्या घरात आहे ते शोधायची जी सगळ्यात गाजलेली प्रश्नावली आहे ना, तिचा भर मारण्यावर नाहीच.

चाइल्ड अब्यूज पोटेन्शियल इन्व्हेंटरी तिचं नाव, अमेरिकेतल्या जोएल मिलनर या मानसशास्त्रज्ञाने केलेली. 160 वाक्यं, प्रत्येकापुढे सहमत किंवा असहमत एवढंच. वाक्यं कसली तर एकटेपणाची, सततच्या टेन्शनची, घरच्यांशी न पटण्याची, आणि मुलं कायम गप्प, टापटीप, सांगितलेलं ऐकणारीच हवीत या हट्टाची. यातली 77 वाक्यं धोका मोजतात. ज्यांच्या हातून छळ झाल्याचं नक्की होतं ते पालक आणि तशाच परिस्थितीतले बाकीचे पालक, दोघांना वाक्यं दिली आणि ज्यांच्यावर दोघांची उत्तरं वेगळी आली तीच ठेवली, मग प्रत्येक वाक्याला वेगवेगळं वजन, म्हणजे कमीजास्त गुण दिले. बेरीज 486 पर्यंत जाते, 215 च्या वर गेली की लक्ष द्यायचं. मला खरी मजा वाटली ती खोटं पकडायच्या सोयीची, म्हणजे मला कधी रागच येत नाही, मी कधी खोटं बोलत नाही असल्या धर्तीची वाक्यं मध्ये मध्ये पेरलेली असतात, सगळ्यांवर सहमत ठोकणारा लगेच कळतो. न वाचता भराभर टिक करणारेही सापडतात.

पण इथेच लोक घाई करतात. समजा 1000 पालकांत खरा धोका 50 जणांकडून आहे आणि आपली प्रश्नावली त्यातले 80 टक्के बरोबर पकडते, उरलेल्या 950 मधल्या 90 टक्क्यांना बरोबर सोडते. चांगलीच वाटते ना? हिशोब करा, 40 खरे सापडले आणि 95 बिचारे उगाच अडकले, वर 10 सुटले ते वेगळेच. त्यामुळे स्कोअर जास्त आला म्हणून पोलीस नाही बोलवायचे, घरी कुणीतरी मदतीला पाठवायचं.

आता ही आपल्याकडे आणायची तर नुसतं भाषांतर चालणार नाही. बडोद्याला हे वेगळं सांगायला नको, बाळांची वाढ मोजायची अमेरिकन बेली स्केल इथल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत प्रमिला फाटकांनी इथल्या बाळांवर वापरून बघितली, इथले आकडे काढले, आणि त्यातूनच 1991 मध्ये 54 गोष्टींची छोटी बडोदा चाचणी निघाली. पालकांच्या बाबतीत काम जास्त किचकट आहे. मुलांनी मोठ्यांचं ऐकलंच पाहिजे हे तिकडे हट्टीपणात मोजलं जाईल, इकडे निम्मं गाव सहमत म्हणेल, मग त्याचं वजन तेवढंच कसं ठेवणार? आणि ओपीडीत फॉर्म भरताना शेजारी सासू डोकावून वाचत असेल तर घरात माझं कुणी ऐकत नाही याच्यापुढे टिक कोण करेल? वजनं-बिजनं नंतर बघू, आधी आईला एकटीला बसायला खोली द्या आणि सासूबाईंना बाहेर चहा.