तांब्याचं पाणी आणि माशाचं नाक

व्हॉट्सअॅपवर एक निरोप अधूनमधून फिरत असतो: आपले पूर्वज नदीत तांब्याची नाणी टाकत, कारण तांबं पाणी शुद्ध करतं, आता स्टीलची नाणी टाकून काय उपयोग! यातला अर्धा भाग खरा आहे. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच रोगजंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण कळशीत पाणी थोडं, साठलेलं आणि चहूबाजूंनी तांब्याला लागलेलं असतं. वाहत्या नदीच्या तळाशी गाळात रुतून काळं पडलेलं नाणं कसलंही शुद्धीकरण करत नाही. आणि नदीभरचे जंतू मरतील इतकं तांबं खरंच पाण्यात उतरलं, तर त्याच्या कितीतरी आधी माशांची पंचाईत होईल. लगेच मरणार नाहीत ते. त्यांचं नाक जाईल.

अलास्कातल्या एका खाणीवरून गेली वीसेक वर्षं जो झगडा चालू आहे, त्यात या नाकाचाही प्रश्न आहे. अलास्काच्या नैऋत्येला ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. त्याला मिळणाऱ्या नुशागाक, क्विचॅक वगैरे नद्यांमध्ये सॉकाय जातीचे सॅल्मन अंडी घालायला समुद्रातून परत येतात. जगातले सुमारे निम्मे सॉकाय इथले; 2022 साली साडेसात कोटींहून जास्त मासे परतले. याच नद्यांच्या उगमाशी तांबं, सोनं आणि मॉलिब्डेनम यांचा प्रचंड साठा आहे. तिथल्या नियोजित खाणीचं नाव पेबल. विरोधात स्थानिक युपिक आणि डेनाइना लोक, जाळ्याने मासेमारी करणारे आणि गळ टाकणारे हौशी असे तिघेही एकत्र आले. हौशी लोकांचा जीव तिथल्या रेनबो ट्राउटवर. हे ट्राउट सॅल्मनची अंडी खाऊन पोसतात, त्यामुळे सॅल्मन गेले की गळाचा खेळही संपला. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाणीचा भराव आणि राडारोडा तिथल्या ओढ्यांत, पाणथळींत टाकायला मनाई केली. खाणीमुळे सॅल्मनचे साडेआठ मैल ओढे थेट नष्ट होणार होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. कंपनी 2024 मध्ये न्यायालयात गेली.

गाडला गेलेला ओढा नकाशावर दाखवता येतो. तांब्याचं तसं नाही, आणि मला या प्रकरणात खरा रस आहे तो तांब्यातच.

तिथलं तांबं गंधकाशी बांधलेल्या खनिजांत आहे. जमिनीखाली, हवेपासून दूर ही खनिजं निमूट पडून असतात. खडक फोडून ढीग रचला की प्राणवायू आणि पाणी आत शिरतं, गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते आम्ल खडकातलं तांबं विरघळवतं. काही जिवाणू यावरच जगतात आणि ही क्रिया कित्येक पटींनी वेगवान करतात. खाण बंद झाली तरी ढीग पाझरत राहतो.

आता नाक. माशाच्या तोंडावर डोळ्यांपुढे दोन छोटे खळगे असतात. श्वासाशी त्यांचा संबंध नाही. प्रत्येक खळग्याला दोन भोकं असतात; पाणी एकातून आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. आत गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या घड्या असतात आणि त्यांवर गंधाच्या चेतापेशी. या पेशींचं एक टोक थेट पाण्यात असतं आणि दुसरं थेट मेंदूत. म्हणजे नदीच्या पाण्यात मेंदूच्या अगदी उंबऱ्यावरच्या पेशी उघड्या पडलेल्या असतात.

या नाकावर माशाचं किती अवलंबून असतं? 1954 मध्ये विस्बी आणि हॅस्लर या शास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवरून कोहो जातीचे सॅल्मन धरले, काहींच्या नाकात बोळे घातले आणि सगळे पुन्हा खाली नेऊन सोडले. नाक मोकळे असलेले बहुतेक मासे आपापल्या फाट्यावर परतले. बोळेवाले वाटेल तिकडे गेले. त्याआधी 1938 मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांना दिसलं होतं की मिनो नावाच्या एका छोट्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून पाण्यात उतरणाऱ्या रसायनाने बाकीचे मिनो घाबरून पळतात. आपले रोहू, कटला, महाशीर त्या मिनोच्याच गणातले.

वास कळतो कसा, हे जरा नेटाने पाहू. पाण्यातला गंधरेणू पेशीवरच्या ग्राही प्रथिनाला चिकटतो. ते प्रथिन आतल्या जी-प्रथिनाला जागं करतं, त्यामुळे चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो, तो पेशीच्या आवरणातले आयनमार्ग उघडतो, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात, पेशीचा विद्युतदाब बदलतो आणि मेंदूकडे स्पंद निघतो. माशाच्या नाकाशी बारीक विद्युतअग्र लावून हा दाब मोजता येतो. सिअॅटलमध्ये डेव्हिड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी कोहोच्या पिल्लांवर हेच केलं आणि 2003 साली निष्कर्ष छापले. पाण्यातलं तांबं मूळ पातळीपेक्षा लिटरमागे फक्त 2.3 ते 3 मायक्रोग्रॅमने वाढलं की काही मिनिटांत नाकाचा प्रतिसाद घटतो. झेब्राफिशमध्ये तर तांब्यामुळे वरच्या साखळीतल्या कड्या बनवणारी जनुकंच मंदावलेली दिसली. तांबं वाढत गेलं की पेशी मरतात. त्या पुन्हा उगवू शकतात, पण शिकारी मासा तोवर थांबत नाही. तांब्याच्या पाण्यात राहिलेली पिल्लं धोक्याचा वास येऊनही गोठून स्थिर होत नाहीत, हालत राहतात. ट्राउटला हलणारं भक्ष्य चटकन दिसतं.

याच प्रयोगांतला आणखी एक निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कल्ल्यांवर तांब्याचा परिणाम होतो तेव्हा जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी माशाला वाचवतं, कारण पाण्यातलं कॅल्शियम तांब्याआधी जागा पटकावतं. म्हणूनच जुन्या मानकांमध्ये जड पाण्याला जास्त तांब्याची मुभा असे. नाकाच्या बाबतीत मात्र जडपणाने फारसा फरक पडला नाही. वाचवतो तो कुजलेल्या पालापाचोळ्याचा विरघळलेला अंश, कारण तो तांब्याला धरून ठेवतो. म्हणजे ‘आमचं पाणी जड आहे, आमच्या माशांना काय होतंय’ असं म्हणायची सोय राहत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याची दखल खाणीपलीकडेही घेतली गेली. गाड्यांच्या ब्रेकपॅडमधली तांब्याची भुकटी रस्त्यावरून ओढ्यांत जाते, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2010 मध्ये कायदे केले आणि पॅडमधलं तांबं 2025 पर्यंत अर्ध्या टक्क्याच्या आत आणायचं ठरवलं.

आता आपले आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम तांबं चालतं. माणसाच्या पोटाला ते झेपतं. भारतीय मानक अधिक कडक, 50 मायक्रोग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर 1500. पण कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडताना आपल्याकडे सर्वसाधारण मर्यादा आहे 3 मिलिग्रॅमची. नियम काटेकोर पाळणाऱ्या कारखान्याचं एक लिटर पाणी कोहोच्या नाकाच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे वरच्या 2.3 ते 3 मायक्रोग्रॅमपर्यंत, विरळ करायचं तर नदीने हजार-बाराशे लिटर स्वच्छ पाणी पुरवायला हवं. रोहूचा उंबरठा कोहोएवढा नसेल, काही पट वर असेल असं धरलं तरी काहीशे लिटर लागतातच.

कारखान्यांनाच बोल लावून भागणार नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीवर जे बोर्डो मिश्रण नावाचं बुरशीनाशक फवारतात, त्यात शंभर लिटरला एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट असतो. हिशेब केला तर लिटरमागे अडीच ग्रॅम तांबं. यातलं बहुतेक पानांवर आणि मातीत धरून राहतं हे खरं. पण पंप ओढ्यात विसळला तर त्यातल्या एका लिटरचं तांबं, सगळं विरघळलं असं धरून, दहा लाख लिटर पाण्याला अडीच मायक्रोग्रॅमने पुरतं. आणि एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्याखालच्या डोहात दहा लाख लिटर तरी पाणी कुठे असतं?

मेलेले मासे तरंगले की पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात. नाक गेलेला मासा मात्र कुठे तरंगत नाही.